मलिकेचा खरा शब्द आणि कडू झरा

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांसारखे बोलत आणि त्याचे कोणाला नवल वाटत नसे, नौबहार नावाची मलिका राज्य करीत होती. ती न्यायाने वागे. तिच्या नगरात कोणी उपाशी झोपत नसे. नगराच्या मधोमध संगमरवरी कुंडात एक झरा वाहत होता आणि साऱ्यांची तहान त्याच झऱ्यावर भागे.

त्याच नगरात साबिराबी नावाची उस्तानी राहत होती. ती मुलींना कुराण पढायला शिकवी. ती पढू लागली की वारा थांबे आणि पढणे संपले की पुन्हा वाहू लागे. मलिकाही लहानपणी तिच्यापाशीच शिकली होती.

एकदा साबिराबी तापाने फणफणली. मलिका उशाशी बसून राहिली. तेव्हा उस्तानी म्हणाली, “बेटी, मनावर एक ओझे आहे. मला अक्षर ओळखता येत नाही. माझे अब्बा पढत आणि मी ऐके. सारे कानांनीच शिकले. किताब समोर उघडते ती केवळ अदब म्हणून. हे तुझ्याजवळच राहू दे.”

“राहील,” मलिका म्हणाली.

ताप उतरला. पुढे ईद आली आणि महालात बायकांची मेजवानी झाली. मलिकेला चारचौघींना हसवण्याची मोठी हौस. बोलण्याच्या भरात तिने समोरचे तबक किताबासारखे हातात धरले, उस्तानीसारखी मान डोलावली आणि म्हणाली, “हे उलटे धरले तरी आमच्या उस्तानींना कळायचे नाही. त्यांना अलिफ हे पहिले अक्षरसुद्धा वाचता येत नाही!”

बायका पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी उस्तानीकडे निम्म्याच मुली आल्या. तिसऱ्या दिवशी एकही आली नाही. चौथ्या दिवशी साबिराबीने घराला कडी घातली आणि कोणाला न सांगता नगर सोडले. त्याच सकाळी झरा कडू झाला.

लोक चार कोसांवरून पखालींतून पाणी आणू लागले. बागा सुकल्या. हकिमांनी मुळ्या टाकल्या, मांत्रिकांनी मंत्र टाकले, पाणी कडूच राहिले. अखेर डोक्यावर तुरा असलेला एक हुदहुद पक्षी कुंडाच्या काठावर उतरला.

“मलिका, पाण्यात तुमचा शब्द मिसळला आहे,” तो म्हणाला.

कोणता शब्द, हे मलिकेला विचारावे लागले नाही. “पण मी खोटे बोलले नव्हते,” ती म्हणाली.

“खोटे असते तर त्याला बोहतान म्हटले असते. ते खरे होते आणि तुम्ही पाठीमागे बोललात, म्हणून ही गीबत.”

मलिकेची मान खाली गेली. “उपाय सांग.”

“तीन कामे आहेत. ज्यांनी तो शब्द ऐकला त्यांच्या दारी जा आणि त्याच तोंडाने उस्तानीचे चांगले सांगा. वाटेत सोपा उपाय मिळाला तर घेऊ नका. आणि मग उस्तानीपुढे उभ्या राहून माफी मागा. ती मिळाली तर पाणी गोड होईल. मिळाली नाही, तर माझ्याकडे दुसरा इलाज नाही.”

मेजवानीला एकवीस जणी होत्या. मलिका पायी एकवीस दारी गेली. प्रत्येक दारी म्हणाली, “मी उस्तानींचे गुपित फोडले. त्यांनी मला सहा वर्षे शिकवले आणि एकदाही आवाज चढवला नाही. हेही ऐकून ठेवा.” कोणी रडल्या, कोणी नजर चुकवली. वजिराची बीबी मुनव्वर मात्र जवळ सरकून बसली. “ते असो. आणखी काय माहीत आहे, सांगा ना!”

मलिकेला खरोखरच आणखी एक गंमत आठवली. ती अगदी ओठांपर्यंत आली. मलिकेने ती गिळली आणि म्हणाली, “एवढेच माहीत आहे, की त्या इथे असत्या तर तुमची लेक आतापर्यंत कुराणातली यासीन सूरा पढली असती.”

मुनव्वरचे हसू मावळले. “तिला घरी मीच बसवले,” ती हळूच म्हणाली.

मग मलिका उस्तानीच्या शोधात निघाली. वाटेत कैमूस जादूगाराची गढी लागली. त्याने खजिन्याची पेटी उघडली. आत एकच मोती होता.

“हा झऱ्यात टाका, पाणी गोड होईल,” तो म्हणाला. “मात्र त्या बाईची आठवण साऱ्यांच्या मनातून पुसली जाईल. तिचे नाव, तिचा आवाज, सारे. तुमच्याही मनातून. मग माफी मागायची गरजच उरणार नाही.”

पखाली वाहून वाकलेले लोक मलिकेच्या डोळ्यांपुढे आले. तिचा हात पेटीपर्यंत गेला आणि तिथेच थबकला.

“इज्जत तर मी घेतलीच,” ती म्हणाली. “आता नावही घेऊ?”

जादूगाराने पेटी बंद केली आणि पुढची वाट दाखवली.

ती वाट मेंढपाळांच्या दरीत उतरली. तिथे एका खडकावर साबिराबी पढत बसली होती आणि मेंढ्या चरायच्या थांबून ऐकत होत्या. मलिका समोर उभी राहिली.

“माफी मागायला आले आहे, उस्तानीबी.”

“काय बोललात ते आधी सांगा, मलिका. जसेच्या तसे.”

मलिकेने सांगितले. तबकाचेही सांगितले, मानेचेही सांगितले.

“लोकांना कळले याचे मला तितके दुःख नाही,” साबिराबी म्हणाली. “ते तुझ्या तोंडून कळले, याचे आहे. आज मी माफ करू शकत नाही.”

“बरे,” मलिका म्हणाली. ती परत गेली नाही. तिने दरीत पाणी भरले, जात्यावर दळले आणि पुन्हा एकदाही मागणे काढले नाही. झऱ्याविषयी चकार शब्द बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी नमाज झाल्यावर साबिराबी तिच्याजवळ आली. “दुआ मागताना तुझे नाव ओठांवर येते आणि घशात अडकते. मला ते तसे नको. जा, मी माफ केले.”

तोच हुदहुद येऊन खडकावर बसला. “झरा गोड झाला,” त्याने सांगितले.

“कोणता झरा?” साबिराबीने विचारले, तेव्हा हुदहुदने तिला कडू पाण्याचे सारे सांगितले. ती मलिकेकडे वळली. “हे आधी का नाही सांगितलेस?”

“ते सांगून मागितली असती, तर ती माफी झाली नसती. सक्ती झाली असती.”

साबिराबीने तिच्या कपाळावर हात ठेवला.

लोकर कातरून झाली तेव्हा साबिराबी नगरात परतली. दारी जमलेल्या आयांना ती म्हणाली, “मला वाचता येत नाही. ऐकून शिकले, ऐकवून शिकवते. पसंत असेल तर मुली ठेवून जा.” मुनव्वरने सर्वांत आधी आपली लेक पुढे केली. मग एकही मुलगी परत गेली नाही.

मलिका मागच्या रांगेत येऊन बसली. तिची पाळी आली, तशी ती पढू लागली. उस्तानीने हात वर केला.

“‘ऐन’चा उच्चार कंठातून यायला हवा, मलिका. पुन्हा.”

मलिकेने पुन्हा म्हटले.

“पुन्हा.”

मुली एकमेकींकडे पाहून खुदखुदल्या. मलिकेचे कान लाल झाले आणि तिलाही हसू आले. तिने गळा साफ केला, ताठ बसली आणि तिसऱ्यांदा म्हटले.

“आता पुढे,” साबिराबी म्हणाली.