वाटीभर विरजण

गवळीवाड्यातून वाटीभर विरजण उसनं आणताना स्वयंपाकीण सगुणाबाई नेमकी भानजीराजांसमोर आली आणि उंबरगडाच्या राजवाड्यावर संकट कोसळलं. आदल्या दिवशी पंगतीत सगळं दही संपलं, विरजणापुरतंही उरलं नाही, एवढाच तिचा गुन्हा. पण राजे भडकले. राजवाड्याने शेजाऱ्यापुढे वाटी पसरायची? दही वाड्यातल्याच वस्तूंचं लागलं पाहिजे, बाहेरचं काही चालणार नाही. नाहीतर उद्या सगुणाबाईने मुलीला घेऊन गड उतरावा.

आम्ही मानकऱ्यांनी ताबडतोब माना डोलावल्या. आम्हाला पानाला चुना लावायलासुद्धा माणूस लागतो, पण वाड्याचं कोणावाचून अडत नाही, हे आमच्याइतकं ठासून कोणी सांगू शकत नाही.

सगुणाबाई रडायलाच लागली. तिची मुलगी गोजरा मात्र पुढे झाली. दही मी लावते म्हणाली, फक्त तोवर वाड्याचा दरवाजा बंद ठेवा, नाहीतर चोरून विरजण आणल्याचा आळ माझ्यावर यायचा. राजांना हे फारच पटलं. दरवाजा बंद झाला. राजांची अर्धी दाढी करून न्हावी वस्तऱ्याला धार लावायला बाहेर गेला होता, तो बाहेरच राहिला.

दुपारी पाणी संपलं, पखालवाला बाहेर. भाजी बाहेर, सरपणही बाहेर. संध्याकाळी विड्याची पानं संपली तेव्हा आम्हा मानकऱ्यांचा धीर सुटला. मी तर मुदपाकखान्यात गूळ चोरताना पकडला गेलो, आणि तोही मला सापडला नव्हता.

सकाळी राजे उपाशीपोटी दरबारात आले. एक गाल गुळगुळीत, एक खरखरीत. त्यांनी दही मागितलं. गोजराने मडकं पुढे ठेवलं.

"हे तर रिकामं आहे."

"दूध गवळ्याकडं, आणि गवळी दाराबाहेर, महाराज. वाड्यात तयार होणारी वस्तू सगळीकडं धुंडाळली. एकच मिळाली, तुमचा हुकूम. रात्रभर तोच झाकून ठेवलाय. काही केल्या घट्ट होईना."

आता मान कुठल्या दिशेला हलवायची ते कळेना, म्हणून आम्ही राजांकडे पाहिलं. राजांनी मडक्यात डोकावून पाहिलं, खरखरीत गालावरून हात फिरवला आणि पोट धरून हसत सुटले. सगुणाबाईला तिची चूल परत मिळाली, गोजराला दुभती म्हैस.

"दरवाजा उघडा," राजे म्हणाले. "विरजणासाठी वाटी मी स्वतः पसरतो. पण आधी न्हाव्याला आत घ्या. तोवर यातला वाड्याचा स्वतःचा गाल कोणता, ते मानकऱ्यांनी सांगावं."

आम्ही दोन्ही गालांकडे पाहून माना डोलावल्या.