मोटर ऐकत नाही

"माय, ही मोटर माझं ऐकत का नाही?"

सुभद्रामाय मठाच्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मठात येण्याआधी त्यांनी उभी हयात कॉलेजात संगणक शिकवला होता. यशोधन त्यांच्याकडे शिकायला राहिला होता. पोरगा हुशार, पण हुशारी जरा डोक्यात गेलेली.

विहिरीतून टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटरीसाठी त्याने पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला होता. टाकी भरली किंवा विहीर आटली, की मोटर आपोआप बंद. आता बटण दाबायला कुणी धावायचं नाही, असं भर पंगतीत ऐकवूनही झालं होतं. आणि काल काय झालं? टाकी अर्धी भरली, तेवढ्यात विहीर आटली. मोटर मात्र कोरडीच घरघरत राहिली, आणि जळाली.

आज विहिरीत थोडं पाणी आलं होतं. खालच्या गावातून दुसरी मोटर मागून आणून बसवली होती. संध्याकाळी भंडारा. ही मोटरही जळाली तर गाव पाण्यावाचून पंगतीत बसणार, आणि आपल्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे यशोधनला पुरतं कळत होतं.

"आज बटणावर चालवू," माय म्हणाल्या. "चूक उद्या शोध."

"नाही. ती सापडल्याशिवाय मी उठायचा नाही."

मायनी सूप बाजूला ठेवलं.

"काय लिहिलंयस? मराठीत सांग."

"टाकी भरलेली नाही किंवा विहीर आटलेली नाही, तोवर मोटर चालू."

मायनी हाताने रिकामा हंडा पुढे सरकवला. शेजारी बादली ठेवली, तळाला थोडंसं पाणी असलेली. वर तांब्या.

"हंडा ही टाकी. बादली ही विहीर. तू मोटर. लिहिलंस तसं वाग."

काय हा पोरखेळ, असं त्याच्या मनात आलं. पण तो बसला. तांब्याने पाणी ओतू लागला. हंडा अर्धाही झाला नाही आणि बादली संपली. त्याने तांब्या खाली ठेवला.

"का थांबलास?"

"पाणी संपलं."

"ते खरं. पण हंडा भरला?"

"नाही."

"मग तुझी पहिली अट अजून खरी आहे. आणि मध्ये 'किंवा' लिहिलंयस. चालव."

यशोधनने ओठ आवळले. रिकाम्या बादलीत तांब्या घातला, खरवडला, हंड्यावर उपडा केला. पुन्हा घातला. पुन्हा उपडा केला. माय तांदळातले खडे काढत होत्या. त्याचा खांदा भरून आला, कान तापले. लाज वाटत होती, पण तांब्या काही त्याने सोडला नाही.

मग एकदाचा हात वरच थांबला.

"माय... दोन्हीतली एकही अट खरी असली, की हे चालतच राहणार."

"हं."

"थांबायला एक कारण पुरे, असं माझ्या मनात होतं. म्हणून 'किंवा'. पण मी लिहिलं ते कधी थांबायचं ते नाही. कुठवर चालायचं ते लिहिलं. चालायचं तर टाकीत जागाही हवी आणि विहिरीत पाणीही हवं. दोन्ही हवं."

मायनी सुपातला एक खडा अंगणात टाकला.

तो उठला. 'किंवा' खोडून तिथे 'आणि' घातला, बाकी कशाला हात लावला नाही. मोटर सुरू केली आणि विहिरीच्या काठाशी जाऊन उभा राहिला. पाणी खाली खाली गेलं. तळ दिसू लागला. टाकी अजून काठोकाठ भरली नव्हती, पण भंडाऱ्यापुरतं पाणी चढलं होतं.

मोटर थांबली. आपली आपण.

यशोधनला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

"ऐकलं, माय. शेवटी माझं ऐकलं तिने."

माय सूप घेऊन स्वयंपाकघराकडे निघाल्या. भिंतीशी काल जळालेली मोटर पडली होती, तिच्यापाशी थांबल्या. वाकून तिच्यावर हात ठेवला...

"हिनेही ऐकलंच होतं."