डाव्याचा करेला

"मग माझ्या उजव्या हातानं काय पाप केलंय, वस्ताद?"

निवासनं हातातला मुद्गलासारखा जड लाकडी करेला दाणकन मातीत टाकला. तालमीतल्या आम्हा सगळ्यांच्या माना वळल्या. वस्तादांपुढं असा आवाज चढवायची आमच्यात पद्धत नाही.

दस्तगीर वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या कठड्यावर बसून नुसतं बघत राहिले.

निवासचं दुखणं सगळ्या गावाला ठाऊक होतं. उजवं अंग दणकट, डावं नुसतं जोडीला. गेल्या जत्रेत एका पैलवानानं त्याला डाव्या बाजूनंच उचलून चितपट केला होता. यंदाही समोर तोच पैलवान होता. म्हणून वस्तादांनी नेम घालून दिलेला. करेला आधी डाव्या हातानं फिरवायचा. डावा जेवढं करून थकेल, तेवढंच उजव्यानं करायचं आणि करेला खाली ठेवायचा.

"डावा लगेच थरथराय लागतोय," निवास म्हणाला. "मग उजव्यानं पण ठेवायचा? त्याला तर घामसुद्धा आलेला नसतोय!"

"हां."

"हां काय, वस्ताद? जत्रा तोंडावर आलीया. उजवा ढिला पडला म्हंजे? म्हणून तर मी घरी जाऊन..."

तो थांबला.

"घरी जाऊन काय?"

"...उजव्याचं राहिलेलं भरून काढतोय. रोज."

वस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. "आता काय करू मी ह्याला!"

खरं सांगतो, मलाच त्याच्या पाठीत एक घालावीशी वाटली. म्हातारा माणूस गुडघे दुखत असताना पहाटे ह्याच्यासाठी उठून येतोय, आणि हे शहाणं घरी जाऊन केलेलं सगळं पुसून टाकतंय!

वर तोंड चालूच. "आणि जोर मारतोय की मी. जोर दोन्ही हातांवरच असत्यात. डाव्याला त्याचा वाटा मिळतोय की!"

"मार."

"आत्ता?"

"मार म्हणतोय ना!"

निवासनं दोन्ही तळवे मातीत रोवले आणि सपासप जोर मारायला लागला. रागातच होता. वस्ताद उठले, कण्हत त्याच्याजवळ बसले. तो वर आला तसं त्यांनी त्याचं डावं मनगट धरलं आणि अलगद उचलून बाजूला घेतलं.

निवास होता तिथंच राहिला. खाली गेला नाही, कलंडला नाही.

"कुणी मारले रे हे जोर?"

निवास मातीत बसला. डावा तळवा उलटासुलटा करून बघायला लागला. मघाचा ताठा कुठल्या कुठं गेला होता.

"म्हंजे... आजवर सगळं उजव्यानंच?"

वस्तादांनी मान हलवली.

"मला पुन्हा पाठ टेकायची न्हाय, वस्ताद." निवास म्हणाला. "त्या मैदानात सगळ्यांच्या देखत... न्हाय. तुम्ही सांगाल तेवढंच करतो. पण डावा वर येईस्तोवर... उजव्यानं करायचं काय?"

वस्तादांनी मातीतला करेला उचलला आणि त्याच्या डाव्या हातात दिला.

"थांबायचं. बघू, तेवढी ताकद हाय का त्याच्यात."