माहेरी आलेली माती

पूर्वी डोंगराच्या अंगावर वसलेल्या एका नगरात सुयाम राजा राज्य करीत होता. तेव्हा बोधिसत्त्व नगराबाहेरच्या उतारावर धम्मिक नावाचा शेतकरी होऊन राहत होता. जमीन कसली, खडकावर अंथरलेली गोधडीच ती. वर कालकाचं वावर, खाली धम्मिकाचं, मधी दगडी बांध.

कालक कष्टाला वाघ, पण डोकं गरम आणि हाव मोठी. दर साली नांगर बांधाला घासून न्यायचा अन् एक तास, नांगराची एक रेघ, जास्तीचा काढायचा. कोरून कोरून बांध वीतभर उरला. बायको सोणा म्हणायची, "अहो, पुरे की आता." तर तिच्यावरच खेकसायचा, "तू चुलीकडं बघ!"

एका पावसाळ्यात बांध फुटला. कालकाची सगळी माती नाचणीच्या रोपांसकट खाली गेली आणि धम्मिकाच्या वावरात मांडीभर साचली. वर नुसता खडक, दात विचकल्यासारखा.

कालकानं उतारावर उभं राहून धम्मिकाला चोर म्हटलं, नको नको ते म्हटलं. खरं काय ते त्याला आतून ठाऊक होतं, म्हणूनच आवाज जास्त चढत होता. घरी येऊन म्हणाला, "गाठोडी बांध. खडक चावून पोट भरत नाही." सोणानं भांडी बांधली. धाकटी लेक सामा कोंबडी कवटाळून बसली.

उजाडताना तिघं निघाली, तर वावरात माणूस. धम्मिक. डोक्यावर पाटी.

"काय रं, आता दगड बी न्यायला आलास व्हय?" कालक काठी उगारून धावला.

धम्मिकानं पाटी खडकावर ओतली, तळहातानं माती पसरली. "न्यायला नाही, पोचवायला आलोय. तुझी माती माझ्याकडं माहेरपणाला आली होती. आलेली लेक कुणी ठेवून घेतं का, दादा?"

"आभाळानं तुझ्या पदरात टाकली. कोण मागणार होतं तुला?"

"सामा काय खाईल मग?" तो एवढंच बोलला.

कालकानं वाकून मूठभर माती उचलली. तिच्यात कुजलेलं शेणखत मिसळलेलं होतं. "हे खत माझं नाही."

"रिकाम्या ओटीनं कशी धाडू तिला?"

कालकाची काठी गळून पडली. डोंगर हलवणारा त्याचा आवाज खाली आला. "बांध मीच कोरला रं."

"दिसत होतं. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, ते माझं चुकलं. चल, उन्हं चढायच्या आत चार खेपा होतील."

सोणानं गाठोडं सोडलं, आतली पाटी काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

सगळी माती वर यायला फार दिवस लागले. दोघांनी बांध नव्यानं रचला, पहिल्याहून रुंद, आणि त्यावर गवत लावलं. पुढच्या पेरणीला कालकानं बैल बांधाच्या हातभर अलीकडंच वळवले.

"बाबा, तास राहिला की," सामा ओरडली.

"राहू दे गं. तेवढं बांधाचं."

ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, शेजारच्या कुटीतल्या भिक्षूशी भांडून आज विहार सोडायला निघालेला हा पियक तेव्हा कालक होता. त्याची वाट अडवणारी भिक्षुणी उत्तरा ही सोणा. आणि पाटी वाहणारा धम्मिक मीच होतो."

पियकानं काखेतलं गाठोडं हळूच खाली ठेवलं.

चुकलेल्याचंही घर भरावं असं वाटणं, हीच मैत्री पारमिता, मैत्रीची पूर्णता.