हैबती नाईकाची चाल

फार मागच्या काळी, डोंगरातल्या वाटा अजून नुसत्या पायांनी पडत होत्या तेव्हा, वाघजळी गावात हैबती नाईक नावाचा जागल्या राहत होता. जागल्या म्हणजे गावाचा राखणदार. चोरी झाली, गुरं गेली, की जमिनीवरचं पाऊल बघून माग काढायचा, हे त्याचं काम. बापाचं तेच, आज्याचंही तेच. असं म्हणतात, की मुंगी पानावरून गेली तरी ती उपाशी होती की पोटभर, हे हैबतीला कळायचं.

या कामाचा एक रिवाज होता. माग आपल्या शिवेपर्यंत न्यायचा. तिथं थांबून पुढच्या गावच्या जागल्याला आणि पाटलाला बोलवायचं आणि पाऊल दाखवायचं. त्यांना पटलं की माग त्यांचा, मग पुढच्या शिवेपर्यंत त्यांनी न्यायचा. ज्या गावात माग संपेल त्या गावावर दोष येई, म्हणून कोणी माग सहजासहजी पदरात घेत नसे. आणि माग खोटा कधी सांगायचा नाही. खोटा सांगितला तर त्या घराण्याला पुन्हा पाऊल दिसत नाही, असं म्हणतात.

एका वर्षी जोंधळा फुलोऱ्यात असताना वाघजळीखालच्या माळावर मोठी लढाई झाली. एका बाजूला सरदार सुभानराव, त्याच्याकडे दीड हजार घोडा. दुसऱ्या बाजूला डोंगरातला लहानसा गडकरी दावजीराव, त्याच्याकडे तीनशे पायदळ. धूळ एवढी उडाली, की पाखरं भर दुपारी घरट्यात जाऊन बसली. दिवस मावळेपर्यंत दीड हजाराचे बाराशे आणि तीनशेचे चाळीस उरले. दावजीरावाच्या मांडीत भाला शिरला होता. त्याला झोळीत घालून ती चाळीस माणसं डोंगरात शिरली. डोंगरात त्याचे तीन गड होते. कुठल्या गडाकडे गेला, ते सुभानरावाला ठाऊक नव्हतं.

सकाळी सुभानराव वाघजळीत आला. म्हणाला, "माग काढून द्या. नाहीतर घरंही पेटवीन आणि उभा जोंधळाही."

पाटलानं हैबतीला पुढं केलं. हैबती गावाबाहेरच्या ओलसर मातीत उकिडवा बसला. बघता बघता त्याची बोटं थांबली. तिथं एक डावं पाऊल होतं आणि त्याला करंगळी नव्हती. त्याच्या मुलाची, राघूची, करंगळी लहानपणी कुऱ्हाडीनं गेली होती. राघू दोन वर्षांपूर्वी दावजीरावाच्या पायदळात गेला होता. तो जिवंत आहे हे हैबतीला त्या मातीनं सांगितलं, आणि हा माग धरून फौज त्याच्यावरच जाणार, तेही त्याच क्षणी कळलं.

"काय दिसतंय?" सुभानरावानं घोड्यावरूनच विचारलं.

"चाळीस माणसं हायेत. चौघांच्या खांद्यावर झोळी. आतला जिवंत हाय, कारण खांदेकरी जपून पाय टाकत्यात. अन् म्होरला डावा खांदेकरी माझा ल्योक हाय."

पाटलानं डोळे मिटून घेतले. सुभानराव हसला. "मग तू कसला खरं सांगतोस, म्हाताऱ्या?"

"खोटं सांगता येत न्हाई, सरकार. पण एक हाय. टाप पडली की पाऊल मेलं. मागाच्या म्होरं घोडं जाता कामा नये. माझ्या मागनं, माझ्या चालीनं यायचं. अन् शिवेशिवेवर रिवाज पाळायचा. न्हाईतर माग तुटंल."

सुभानरावानं बेलभंडारा उचलून, शपथेवर कबूल केलं. म्हणाला, "पण तू शेवटपर्यंत बरोबर चालायचं. माग खोटा निघाला तर हे गाव आहेच." सुभानराव जन्मभर घोड्यावर वाढलेला माणूस. पायी चालणं म्हणजे काय असतं, ते त्याला माहीत नव्हतं. तिथंच तो चुकला.

हैबती निघाला. एक पाऊल बघायचा, मग दुसरं शोधायचा. दबलेलं गवत हातानं चाचपायचा, उलटा पडलेला खडा उचलून त्याची ओली बाजू गालाला लावायचा. प्रत्येक पाऊल त्यानं खरं दाखवलं. पाऊल खरं दाखव, असं आज्या सांगून गेला होता. किती वेळात दाखव, ते काही तो बोलला नव्हता.

पहिल्या शिवेवर जांभूळखोऱ्याचा गेनू नाईक आला. त्यानं मोडलेला काटा हातात घेऊन निरखला. "ह्यो आमच्या शिवेत मोडल्याला न्हाई. वाऱ्यानं आलाय."

"वारा कुठल्या गावचा रं, गेनू?" हैबतीनं विचारलं.

"तुमचाच. सकाळचा तुमच्याकडनंच येतोय की."

"घ्या ना तो माग एकदाचा," सुभानराव खेकसला.

जांभूळखोऱ्याचा पाटील हात जोडून म्हणाला, "आज घेतला अन् उद्या तुम्ही म्हणालात दावजीराव तुमच्याच गावात दडलाय, तर आम्ही काय करावं? बसा सरकार. गूळपाणी घ्या. बघून देतो."

बघून द्यायला ऊन डोक्यावर आलं. मग गेनू पुढं आणि हैबती त्याच्या पाठीशी, असे निघाले. दुसऱ्या शिवेवर तिसरा जागल्या आला, मग ते तिघं एका पावलाभोवती बसले. गेनू मधूनच म्हणायचा, "नाईक, गुडघं दुखत असतील तर बसा की वाईच." आणि हैबती बसायचा. त्याचे गुडघे खरोखरच दुखत होते.

इतकं हळू चालणं घोड्यांना जमेना. ती पाय आपटू लागली, तेव्हा स्वार खाली उतरले आणि लगाम धरून पायी चालू लागले. आणि मग, असं म्हणतात, त्या फौजेला काहीतरी झालं. कित्येक वर्षं त्यांनी रान नुसतं धावतानाच पाहिलं होतं. आता त्यांना भारद्वाजाचा घुमता आवाज ऐकू आला. जोंधळ्याच्या फुलोऱ्याची पिवळी पूड त्यांच्या बाह्यांना लागली. कोणाला वाटलं, आपल्याही रानात आता माळ्यावर बसून कोणीतरी पाखरं हाकत असेल. कोणाला आपल्या बांधावरची बोर आठवली. एक म्हातारा शिलेदार शिवेवर थांबला, घोड्याच्या मानेवरून हात फिरवला, आणि कोणाला काही न सांगता घराच्या दिशेला वळला. त्याला कोणी हाक मारली नाही. हाक मारायलासुद्धा घाई लागते, आणि घाई त्यांच्यात उरली नव्हती.

पहिल्या शिवेवर बाराशे होते. तिसऱ्या शिवेवर सहाशे. दिवस मावळला तेव्हा सगळे वाटेवरच टेकले, कारण अंधारात माग निघत नाही. उजाडल्यावर पाहिलं तर दोनशे. सहाव्या शिवेवर साठ राहिले. सुभानराव तेवढा घोड्यावरच, सगळ्यात पुढं होता आणि त्याची नजर हैबतीच्या पाठीवर होती. मागं वळून त्यानं पाहिलंच नाही.

सातवी शीव खिंडीत होती, तिच्यापलीकडे गाव नव्हतं, गडाची हद्द होती. उन्हं उतरायला लागली होती. सात गावांचे सात जागल्ये एका पावलावर वाकले होते, तेवढ्यात पलीकडच्या गडावरून तोफ झाली. मग दुसरी, मग तिसरी. धनी पोहोचला, दरवाजा बंद झाला, याची ती खूण.

सुभानरावानं तलवार उपसली. "फसवलंस मला."

"कुठं, सरकार? एक पाऊल खोटं दाखवा. मग माझी मान बी घ्या, गाव बी घ्या."

सुभानराव त्या दिवशी पहिल्यांदा घोड्यावरून उतरला आणि खाली वाकला. मातीत बिनकरंगळीचं पाऊल स्पष्ट होतं. मग त्यानं मागं पाहिलं. मागं सतरा माणसं उभी होती. त्यांच्याही मागं बाराशे घोड्यांचा माग पसरला होता, आणि झाडाला फुटाव्यात तशा त्याला फांद्या फुटून त्या निरनिराळ्या गावांकडे गेल्या होत्या.

मग तो हळूच म्हणाला, "माझ्या माणसांचा माग काढशील?"

"कशाला, सरकार? ती घरला पोचली असत्याल."

सुभानरावानं तलवार म्यान केली. वाघजळी जळली नाही. त्या साली जोंधळ्याचं एकेक कणीस ओंजळीत मावेना.

हैबतीनं सहा जागल्यांना रामराम केला. "सरकारचं काम झालं. आता माझं घरचं राह्यलंय," असं म्हणून तो त्या बिनकरंगळीच्या पावलामागून खिंडीत शिरला. नंतर त्याला कोणी पाहिलं नाही.

चार महिन्यांनी राघू घरी आला. आईनं विचारलं, "आबा भेटलं का?"

राघू म्हणाला, "न्हाई. पण गडावरनं उतरलो तवापासनं माझ्या म्होरं कुणाचं तरी ताजं पाऊल पडत व्हतं. मी दमून बसलो की ते बी थांबायचं."

वाघजळी आता मोठी झाली आहे. घरटी एक माणूस फौजेत असतो. कोणाची सुट्टी संपली की सगळं गाव त्याला शिवेपर्यंत पोचवायला जातं, आणि ते हैबती नाईकाच्या चालीनं. दहा मिनिटांची वाट, पण अर्धी सकाळ जाते. पुढं गावातला सगळ्यात म्हातारा माणूस अनवाणी चालतो आणि त्याला ओलांडून कोणी जात नाही. शिवेवर एसटी उभी असते. ड्रायव्हर गाडी बंद करून तंबाखू मळत बसतो. एखादा नवखा प्रवासी कुरकुरला तर कंडक्टर म्हणतो, "बसा दादा. वाघजळी आहे."

गाडी गेली की म्हातारा वाकतो आणि त्या पोराचं धुळीतलं शेवटचं पाऊल निरखून बघतो. आई शेजारी उभी असते. पोरगा परत येईल की नाही, ते म्हातारा सांगत नाही, कारण ते पावलात दिसत नाही. जे दिसतं तेवढंच तो सांगतो.

"टाच खोल गेलीय, बाई. जड पायानं गेला."

आई मान हलवते, आणि मग सगळे त्याच चालीनं घरी परततात.