लाल दारांची भूक

एका राज्यात बायकांना दिवस जात, पण बाळंत कोणी होत नसे. नऊ महिने सरत, वर्ष सरे, पोट तसेच. तिथल्या राजा वीरबाहूने मांत्रिक कृष्णदंष्ट्राच्या गुहेतल्या खजिन्याला हात घातला होता. राजा तिथेच पाषाण झाला आणि राज्यावर हा शाप पडला. त्याला सोडवायला गेलेले दोन्ही तरुण राजपुत्र म्हातारे होऊन परतले. थोरला जयमल्ल खंगून वारला. धाकट्या भूपालाने अंथरूण धरले.

मग त्यांची बहीण रत्नरेखा निघाली. तिला नुकते अठरावे सरले होते.

गुहेच्या तोंडाशी मांत्रिक बसला होता. त्याच्या खांद्यावर एक धनेश पक्षी होता.

"राजकन्ये," मांत्रिक म्हणाला, "आतली दारे आयुष्य खातात. काळे दार वेगळे खाते, लाल वेगळे. पहिल्याने लाल दाराची भूक सांग. मग काळ्याची सांग. मग एकाच रंगाच्या वाटेने बापापर्यंत जा आणि त्याला हात लाव. काळ्या वाटेवर दारे तीन, लालवर चार. तुझ्या भावांनी मध्येच रंग बदलले, म्हणून ते वाट चुकले. उत्तर चुकलीस, तर इथेच दगड होशील."

"खूण तरी काय?"

धनेश बोलला, "जयमल्ल चार काळ्या दारांतून गेला, एका लाल दारातून गेला. त्याची बेचाळीस वर्षे गेली. भूपाल दोन काळ्यांतून गेला, तीन लालांतून गेला. त्याची छत्तीस गेली."

रत्नरेखेने डोळे मिटले. दोघांची काळी दारे सारखी असती, तर उरलेला फरक केवळ लाल दारांचा ठरला असता. म्हणून मनातल्या मनात तिने भूपालाला त्याच वाटेने पुन्हा एकदा पाठवले. आता त्याची काळी दारे चार झाली, लाल सहा झाली, वर्षे बहात्तर. एवढ्याने तो मेलाच असता. तिच्या अंगावर काटा आला, पण तिने हिशोब सोडला नाही. मग त्यातून तिने जयमल्लाची वाट वजा केली: चार काळ्यांतून चार काळी गेली. सहा लालांतून एक गेले, पाच राहिली. बहात्तरांतून बेचाळीस गेली, तीस राहिली. पाच लाल दारांनी तीस वर्षे खाल्ली होती.

"लाल दार सहा वर्षे खाते," ती म्हणाली.

मांत्रिकाचा चेहरा उतरला. "आणि काळे?"

"भूपालाची अठरा वर्षे तीन लाल दारांनी नेली. उरलेली अठरा दोन काळ्यांनी. एकाची भूक नऊ." मग तिने थोरल्याचा हिशोब ताडून पाहिला. चार काळ्यांची छत्तीस, एका लाल दाराची सहा. बेचाळीस बरोबर भरली.

"बरोबर," धनेश म्हणाला.

काळी दारे तीनच होती, शांत होती. लाल दारांच्या चौकटींतून रक्त ठिबकत होते. पण तीन काळी सत्तावीस वर्षे मागत, चार लाल चोवीस. रत्नरेखा लाल वाटेने निघाली.

पहिल्या दारात तिच्या गालांची कोवळीक गेली. दुसऱ्यात, ज्याला तिने मनाने वरले होते त्याचा चेहरा पुसट झाला. तिसऱ्यात गुडघे दुखू लागले. तिथे ती थोडी थांबली, रडली आणि चौथे दार तिने स्वतःच्या हाताने ढकलले. पलीकडे बाप दगड होऊन उभा होता. तिने त्याच्या छातीवर तळवा ठेवला.

दगड उबदार झाला. मांत्रिक बसल्या जागी राख झाला, धनेश उडून गेला आणि राज्यात घरोघरी एकदम लेकरे रडू लागली. दारांची भूक कायमची मिटली.

राजाने डोळे उघडले. समोर करड्या केसांची बाई पाहून त्याने हात जोडले. "बाई, आपण कोण?"

"तात, मी रत्नरेखा."

"माझी रत्नरेखा लहान आहे."

"होते," ती म्हणाली.

राजाने तिचा चेहरा ओंजळीत धरला आणि लेकीला ओळखले. मग त्याने डोक्यावरचा मुकुट काढून तिच्या हाती दिला. तो तिने घेतला, बापाला आधार दिला आणि दोघे सावकाश, एका चालीने, घराकडे निघाले.