दादासाहेबांची शेजारीण

आळस एकाचा आणि बोलणी दुसऱ्याने खायची, असा न्याय त्या कॉम्प्युटरच्या डब्यात फार वर्षं चालला होता. तिथे दादासाहेब नावाच्या एकाच ऑपरेटिंग सिस्टिमचं राज्य होतं. चित्रं काढायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. पण दादासाहेब त्याला आधी ढीगभर फुटकळ कामं सांगत आणि मग गेमचा निरोप देत. मग गेममधला धबधबा पडद्यावर अडखळत पडे.

"कार्डच म्हातारं झालंय," दादासाहेब म्हणत. थकलेल्या कार्डालाही ते खरं वाटू लागलं. मालकीण रेवा तर म्हणाली, "रविवारी काढूनच टाकते याला."

त्याआधी तिने शेजारी दुसरी सिस्टिम बसवून पाहिली. ही धाकटी गेमचा निरोप थेट कार्डाच्या हातात ठेवी. त्याच कार्डाने धबधब्याचे तुषारसुद्धा वेगळे काढून दाखवले. कार्डाचं जाणं टळलं आणि रेवा रोज धाकटीकडेच खेळू लागली.

मग दादासाहेबांनी मुकाट्याने फुटकळ कामं बंद केली. त्यांच्याकडेही पाणी झरझर वाहू लागलं.

"बघितलंस, किती सुधारलो मी?" ते कार्डाला म्हणाले.

कार्ड पुढचे तुषार काढत राहिलं. त्याला आता रागही येत नव्हता.

कोपऱ्यातला पंखा मात्र घरघरला, "एवढं येत होतं, तर इतकी वर्षं शेजारीण यायची वाट बघत होतात होय, दादासाहेब?"